सीमेपलीकडे कामाला जाणाऱ्यांनो, आधी कागद नीट करा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत सहा वर्षं, मग पगार जरा जास्त म्हणून हद्दीपलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीत पाच वर्षं. झाली अकरा. पीएफच्या पेन्शनला दहा लागतात. तरीही आपल्याकडच्या कितीतरी जणांना वयाच्या ५८ व्या वर्षी कळतं की आपली पेन्शन बसतच नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणीचा माणूस कामाला कुठेच कमी पडत नाही. सीएनसी मशीनवर उभा राहतो, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत रात्रपाळी करतो, गोव्यात गवंडीकाम करतो. पण हद्द ओलांडली की त्याच्या केलेल्या कामाची नोंद तुटते. पाट्यांच्या भाषेवर रोज वाद होतात, या नोंदीवर कुणी चकार शब्द काढत नाही, याचं फार वाईट वाटतं.

सगळ्यात मोठा घोटाळा फॉर्म १०सीचा. नोकरी सोडली की पोरं ऑनलाइन सेंटरवर जातात, "सगळं काढून द्या" म्हणतात, आणि फॉर्म १९ बरोबर १०सी पण भरला जातो. १९ म्हणजे पीएफची रक्कम. १०सीने निघतो तो पेन्शनचा हिस्सा, आणि तो उचलला की तेवढी वर्षं पुसली गेली. पुढच्या नोकरीत मोजणी पुन्हा शून्यापासून. पीएफ केंद्राचा आहे, त्याला राज्याची हद्द नाही. एकच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, उद्यमबागेत, शिनोळीत, गोव्यातल्या वेर्ण्यात चालतो. घरी अडचण असेल तर पीएफमधून उचल घ्या, पण पेन्शनला हात लावू नका. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख टाकली नसेल, तर शेवटचा हप्ता जमा झाल्यापासून दोन महिन्यांनी ती पोर्टलवर आपली आपल्याला टाकता येते. मग ट्रान्सफरचा अर्ज करा.

दुसरी अडचण नावाच्या स्पेलिंगची, आणि ती खास आपल्या भागातली. ज्ञानेश्वर हे नाव मराठी वळणाने डी-एन-वायने सुरू होतं, कन्नड वळणाने जे-एनने. लक्ष्मीला कोल्हापूरकडे एक्स, इकडे के-एस-एच. शाळेचा दाखला कानडीत, त्यावरून आधारवर कुणीतरी टाइप केलेलं नाव तिसरंच. जन्मतारीख शाळेत १ जून, आधारवर १ जानेवारी. महाराष्ट्रातल्या चंदगडची मुलगी लग्न होऊन इकडे बेळगुंदीत आली की दाखल्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. नाव जुळलं नाही की ठेकेदार जुना यूएएन शोधत बसत नाही, सरळ नवा काढतो. अशाने एकेकाचे दोन-तीन यूएएन होतात आणि वर्षं कुठेच एकत्र मोजली जात नाहीत.

म्हणून क्रम पाळा. आधी आधार दुरुस्त करा, मग त्याच स्पेलिंगने पॅन आणि बँक, यूएएन सगळ्यात शेवटी. १ ऑक्टोबर २०१७ नंतर निघालेला आणि आधारने पडताळलेला यूएएन असेल, तर जानेवारी २०२५ पासून नाव आणि जन्मतारीख कामगाराला स्वतः बदलता येते. त्याआधीचा असेल तर कंपनीची मंजुरी लागते. ती नोकरीत असतानाच घ्या. सोडून गेलेल्या माणसासाठी एचआरवाले फोनसुद्धा उचलत नाहीत.

गवंडी, सेंटरिंगवाले, फरशीवाले यांची गत याहून वाईट. बांधकाम कामगार मंडळ राज्याचं असतं. नोंदणीला वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवसांचं काम लागतं. खानापूरचा गडी पावसाळ्यात भात लावायला घरी आणि बाकीचे महिने गोव्यात. ९० दिवस सहज भरतात, पण ते लिहून देणारा ठेकेदार तिकडे. इथे दाखला नाही, तिथे नोंदणी नाही. वही ठेवा: तारीख, साइटचं गाव, काम, मजुरी, ठेकेदाराची सही. निदान आठवड्याची मजुरी यूपीआयने घ्या, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो.

भाषेचंही स्पष्ट बोलू. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी कारखान्यांत स्थानिकांना आरक्षण देणारं विधेयक मंजूर केलं आणि दोन दिवसांत थांबवलं. त्यात स्थानिक ठरायला दहावीला कन्नड विषय किंवा कन्नडची परीक्षा अशी अट होती. इथल्या मराठी शाळेत कन्नड विषय असतोच, त्यामुळे तुमची एसएसएलसीची, म्हणजे इथल्या दहावीची, मार्कलिस्ट जपून ठेवा. असा कायदा पुन्हा आला तर अडचण चंदगड बाजूला दहावी केलेल्यांची होईल. व्हीएमसी मशीनवर ऑफसेट घ्यायला, म्हणजे माप सेट करायला, कन्नड लागत नाही, ड्रॉइंग वाचता यायला हवं, त्यामुळे ही अट मला अन्यायाचीच वाटते. पण लेबर ऑफिसात तक्रार लिहिण्यापुरतं कन्नड पोरांनी शिकावं, असंही मनापासून वाटतं.

आणि बस. निपाणीहून कागलला कामाला जाणाऱ्या बाईला कर्नाटकची शक्ती योजना, म्हणजे बायकांचा मोफत बसप्रवास, आंतरराज्य बसमध्ये चालत नाही, आणि एसटीचं अर्धं तिकीट महाराष्ट्राच्या हद्दीपुरतंच. अंतर जेमतेम वीस किलोमीटर. त्यात फेब्रुवारी २०२५ सारखा वाद पेटला की दोन्हीकडच्या गाड्या बंद. तेव्हा कंपनीची गाडी नसलेल्या बायकांचा खाडा पडतो, आणि तो पगारातून कापला जातो. रोजच्या कामगारांना दोन्ही राज्यांत चालणारा एकच मासिक पास द्या, ही मागणी दोन्ही परिवहन महामंडळांकडे लेखी गेली पाहिजे. अर्ज मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत लिहा.