श्रीमंत नेत्याला खायची गरज नसते?

‘श्रीमंतालाच निवडून द्या, त्याचं पोट भरलेलं असतं, तो खाणार नाही. गरिबी समजायला गरीब असावं लागत नाही. डॉक्टरला कुठे प्रत्येक आजार झालेला असतो? आणि गरीब लायक असते तर निवडून आलेच असते.’ हा मेसेज महिनाभर फिरतोय. मी सोडून देत होते. काल तो ताईने पाठवला, खाली ‘अगदी खरं’ लिहून.

आधी ते डॉक्टरचं. डॉक्टर विचारतो, कुठे दुखतंय? हात लावून बघतो. गुण आला नाही तर आपण डॉक्टर बदलतो, पुढच्या निवडणुकीची वाट बघत नाही. आणि पेशंट बरा झाला म्हणून डॉक्टरचं काही बिघडत नाही. मजुरी वाढली तर ती मजूर ठेवणाऱ्याच्याच खिशातून जाते.

ताई, फी माफीच्या दाखल्यासाठी आईने तीन दिवस खेटे घातले, आठवतंय ना? दाखला फुकट होता. तीन दिवसांची मजुरी बुडाली आणि चौथ्या दिवशी तिच्या जागेवर दुसरी बाई कामाला लागली होती. ‘दाखला जोडावा’ असं नियमात लिहिणारा वाईटच असेल असं नाही. पण यात कुणाचा रोज बुडेल, हे त्याच्या मनातच येत नाही. मग विचारणार काय?

‘खाणार नाही’ म्हणता? ब्रिटनच्या संसदेत जमीनदारांचा भरणा होता. १८१५ साली त्यांनी धान्याचा कायदा केला: देशातला गहू ठरावीक भावाच्या वर जाईपर्यंत परदेशी गहू बाजारात येऊ द्यायचा नाही. जमीनदारांना कुळांकडून मिळणारा खंड सांभाळला गेला, भुर्दंड पाव विकत घेऊन खाणाऱ्यांना. यासाठी कुणाला लाच घ्यावी लागली नाही. धान्याचे असे कायदे १८४६ पर्यंत हटले नाहीत.

लायकीचं उत्तरही तिथेच आहे. खासदार व्हायला मालमत्ता लागायची. ती अट १८५८ मध्ये गेली. खासदारांना पगार सुरू झाला थेट १९११ मध्ये. तोवर रोजगार सोडून संसदेत बसणार कोण?

हो, शाहू महाराज राजे होते आणि १९०२ मध्ये त्यांनी मागासवर्गीयांसाठी नोकरीच्या रिकाम्या जागांपैकी ५० टक्के राखून ठेवल्या. हे मान्यच करावं लागेल. पण मेसेज लिहिणाऱ्याने पुढचंही वाचावं. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत याच राजाने जमलेल्या अस्पृश्य समाजाचं अभिनंदन केलं, ते आंबेडकरांच्या रूपाने त्यांना त्यांच्यातलाच पुढारी मिळाला म्हणून.