लॅरी होम्सने नेमके कोणाला टाळले?

दिवाळीच्या पाडव्याला मी कोल्हापूरला फोन केला, तेव्हा शुभेच्छा, फराळ आणि आईच्या गुडघ्यांची विचारपूस यांत दहा मिनिटे गेली आणि त्यानंतरचा पाऊण तास दादा आणि मी हेवीवेट बॉक्सिंगचा एके काळचा जगज्जेता लॅरी होम्स याच्यावरून भांडलो. दादाच्या म्हणण्याचा आशय असा, की होम्सने सोप्या जोडी घेऊन सात वर्षे पट्टा सांभाळला आणि तोडीस तोड कोणी अंगावर येताना दिसला की हा गृहस्थ बाजूला सरकला. तालमीच्या कट्ट्यावरच्या त्याच्या मित्रमंडळींचेही हेच मत असल्याचे त्याने मला दोनदा सांगितले, जणू कट्ट्यावर बहुमत झाले की निकाल लागला. "तुझ्या गावचा म्हणून तू त्याची बाजू घेतोस," हे त्याचे शेवटचे वाक्य. ते मला इतके लागले, की फोन ठेवल्यावरही मी बराच वेळ स्वयंपाकघरात उभाच राहिलो.

मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टनला राहतो, हे खरे आहे. फिलिप्सबर्गहून पूल ओलांडला की डेलावेअर नदीच्या काठाने जो रस्ता जातो, त्याला लॅरी होम्सचे नाव आहे, आणि त्याच रस्त्यावर २०१५ साली बसवलेला त्याचा पुतळा आहे. कामावर जाताना तो मला रोज दिसतो. पण पुतळा रोज दिसतो म्हणून मी वकीलपत्र घेतले, असे दादाला वाटत असेल तर ते चूक आहे. मी त्या लढती पाहिल्या आहेत. दादाने आणि त्याच्या मित्रांनी बहुधा नावांची एक यादी पाहिली आहे.

त्या यादीत ग्रेग पेज, पिंकलन थॉमस, मायकेल डोक्स आणि गेरी कुत्सी यांच्याशी होम्स लढला नाही, आणि केन नॉर्टन, टिम विदरस्पून व कार्ल विल्यम्स यांना त्याने दुसरी संधी दिली नाही, असे म्हटलेले असते. यातले प्रत्येक नाव खरे आहे. पण नाव खरे असणे आणि आरोप खरा असणे यांत अंतर आहे, आणि आपल्याकडच्या वादांमध्ये ते अंतर तपासायला कोणी थांबत नाही, हीच माझी मूळ तक्रार आहे. इथे माझ्या शेजारी राहणारे, बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ होम्सवर मनापासून चिडलेले असतात, पण ते चिडतात ते एखाद्या ठरावीक लढतीतल्या ठरावीक फेरीवरून. "मोठ्यांना घाबरला" असे मोघम विधान मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेले नाही.

केन नॉर्टनचेच पाहू. ९ जून १९७८ रोजी लास व्हेगासमध्ये होम्सने त्याच्याकडून वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल या संघटनेचा जगज्जेतेपदाचा किताब घेतला. पंधरा फेऱ्या झाल्या. दोन पंचांनी १४३–१४२ अशा गुणांनी होम्सला आणि एकाने त्याच फरकाने नॉर्टनला विजयी ठरवले. इतक्या अटीतटीच्या लढतीनंतर पुन्हा जोड लागायला हवी होती, हे मला मान्य आहे. पण पुढच्याच मार्चमध्ये अर्नी शेव्हर्सने नॉर्टनला पहिल्याच फेरीत झोपवले, आणि १९८१ मध्ये गेरी कूनीने मिनिटभराच्या आत त्याचा निकाल लावला. हा शेव्हर्स आणि हा कूनी, दोघांशीही होम्स लढला आणि दोघांनाही त्याने हरवले. नॉर्टनला ज्यांनी संपवले त्यांना ज्याने संपवले, त्याने नॉर्टनला टाळले असे म्हणण्यात काय हशील आहे, हे मला कळत नाही.

शेव्हर्सबरोबरची सप्टेंबर १९७९ ची ती लढत दादाने एकदा शांतपणे पाहावी, असे मला फार वाटते. शेव्हर्सइतका जबरदस्त ठोसा त्या काळात कोणाचा नव्हता, असे त्याच्याशी लढलेलेच सांगत. सातव्या फेरीत त्याचा उजवा ठोसा होम्सला असा बसला, की गडी सरळ पाठीवर पडला. मी तो क्षण पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिला आहे. माणूस पडतो तेव्हा हात आपोआप आधाराला जातात; इथे हात कुठेच गेले नाहीत, शरीर गाठोड्यासारखे आदळले. आणि तरीही तो उठला, पाय आपले नसल्यासारखे टाकत ती फेरी त्याने कशीबशी काढली आणि अकराव्या फेरीत रेफ्रीला लढत थांबवावी लागली ती शेव्हर्सला वाचवण्यासाठी. विशेष म्हणजे, या शेव्हर्सला होम्सने दीड वर्षापूर्वीच बाराही फेऱ्यांत खेळवून हरवले होते. कातडी बचावणारा माणूस अशा प्रतिस्पर्ध्यासमोर पुन्हा उभा राहत नाही.

पेज आणि थॉमस यांचे काय, हा दादाचा हुकमी प्रश्न. त्याचे उत्तर इतरांच्या लढतींत दडलेले आहे. ११ जून १९८२ रोजी होम्स आणि कूनी लढले, त्याच दिवशी त्याच मैदानात ग्रेग पेज ट्रेव्हर बर्बिककडून गुणांवर हरला. त्या बर्बिकला होम्सने वर्षभरापूर्वी पंधरा फेऱ्यांत हरवले होते. १९८४ च्या मार्चमध्ये होम्सने सोडलेल्या किताबासाठी पेज विदरस्पूनशी लढला आणि हरला. विदरस्पूनलाही होम्सने आधीच्या वर्षी हरवले होते. पिंकलन थॉमसला १९८६ मध्ये हरवून किताब घेतला तो पुन्हा बर्बिकनेच. माइक वीव्हर, बर्बिक, विदरस्पून आणि 'बोनक्रशर' जेम्स स्मिथ हे चौघेही होम्सकडून हरल्यानंतर कुठल्या ना कुठल्या संघटनेचे जगज्जेते झाले. म्हणजे त्याने ज्यांना अंगावर घेतले ते पुढचे जगज्जेते होते. फक्त त्या दिवशी त्यांच्या नावाला वजन आलेले नव्हते, म्हणून आज यादी करणाऱ्यांना ते किरकोळ वाटतात.

कुत्सीबरोबरची लढत तर १९८४ मध्ये ठरलेली होती. दोन्ही बाजूंनी होकार होता. पैसा उभा राहिला नाही म्हणून ती बारगळली. इथे मला आपल्या कुस्तीच्या मैदानांची आठवण होते. खासबागेत कोणाची जोड कोणाशी लागणार हे पैलवान ठरवत नाही. कमिटी ठरवते, वस्ताद बोलणी करतात, इनामाचा आकडा पुढेमागे होतो, आणि मग पत्रकावर दोन फोटो शेजारी शेजारी छापले जातात. एखादी जोड मोडली तर आपण कमिटीला बोल लावतो, पैलवानाला भित्रा म्हणत नाही. दादाला हे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, कारण तो स्वतः जत्रेच्या मैदानाच्या कमिटीत बसलेला आहे. बॉक्सिंगमध्ये तर त्याहून गुंता आहे: प्रत्येक संघटनेची क्रमवारी वेगळी, सक्तीचा आव्हानवीर वेगळा, त्यावर प्रमोटरचे हितसंबंध, आणि टेलिव्हिजनवाल्यांना हवे असलेले नाव तिसरेच. सातवीत शाळा सोडून गाड्या धुवायला लागलेला होम्ससारखा मुलगा या बाजारात आपल्या घामाची किंमत मागतो, तेव्हा इथे त्याला कोणी नावे ठेवत नाही. आपल्याकडे मात्र खेळाडूने पैशाचे नाव काढले की तो एकदम हलका होतो.

तरीही, मी दादाशी भांडताना जे कबूल केले नाही ते इथे करतो. १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये होम्स मार्व्हिस फ्रेझरशी लढला, तेव्हा माजी जगज्जेत्या ज्यो फ्रेझरचा हा मुलगा अवघ्या दहा लढतींचा होता, आणि त्याच वेळी वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल पेजशी लढण्याचा आग्रह धरून बसले होते. पेजच्या लढतीचे पैसे होम्सला कमी वाटले. त्याने मार्व्हिसला पहिल्याच फेरीत गारद केले, आणि डिसेंबरमध्ये कौन्सिलचा पट्टा सोडून नव्याने निघालेल्या इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशनचा जगज्जेता म्हणून तो वावरू लागला. हे मला कधीच आवडलेले नाही. विदरस्पूनबरोबरचा निकाल पंचांमध्ये फूट पडून लागला होता आणि विदरस्पून तेव्हा जेमतेम पंधरा लढतींचा होता. त्याला पुन्हा संधी मिळायलाच हवी होती. इतके मान्य करूनही, वीस वेळा किताब राखलेल्या माणसाच्या नावावर दोन-तीन न झालेल्या लढतींचा डाग लावून बाकी सगळे पुसून टाकायचे, हा हिशेब मला पटत नाही.

खरे सांगायचे तर दादाचा राग टाळलेल्यांवरून नाहीच. होम्सने ज्याला टाळले नाही त्याच्यावरून आहे.

१९८० च्या सुरुवातीला मुहम्मद अली भारतात आला होता. इंदिरा गांधींना भेटला, मद्रासला जिमी एलिसबरोबर प्रदर्शनीय लढत खेळला. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि दादा पंधराचा. वर्तमानपत्रातला अलीचा फोटो कापून दादाने तो पिठाच्या खळीने आमच्या माडीवरच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला. बाहेरून चिकटवला असता तर वडिलांनी फाडला असता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बातमी आली, की अली हरला. दहा फेऱ्या मार खाल्ला आणि अकराव्या फेरीसाठी त्याला त्याच्या कोपऱ्यातून बाहेर पाठवलेच नाही. हरवणाऱ्याचे नाव लॅरी होम्स. दादा त्या दिवशी जेवला नाही. आमच्या घरात होम्स हे नाव त्या दिवशी आले आणि त्यानंतर कोणी चांगल्या अर्थाने घेतले नाही.

ती लढत मी पुढे इथे आल्यावर पाहिली, आणि दुसऱ्यांदा पाहण्याची माझी इच्छा नाही. अली ३८ वर्षांचा होता, हात उचलत नव्हता. होम्सने अलीच्या डिअर लेकच्या सराव-शिबिरात वर्षानुवर्षे त्याच्याबरोबर सराव केलेला. एका परीने अली त्याचा वस्तादच. होम्स रेफ्रीकडे पाहत होता, लढत थांबवा असे सुचवत होता. संपल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी होते. ही जोड घेतली म्हणून जगाने त्याला माफ केले नाही. न घेतली असती तर अलीला घाबरला म्हणून हिणवले असते. दोन वर्षांनी कूनीबरोबरच्या लढतीत, जगज्जेत्याची ओळख शेवटी करून देण्याचा प्रघात मोडून, होम्सला आधी पुकारले गेले आणि गोऱ्या आव्हानवीराला नंतर. तेही त्याने सोसले आणि तेराव्या फेरीत लढत संपवली.

मी या गावात आलो तेव्हा माझ्याही मनात तो अलीला मारणारा माणूसच होता. पहिले वर्षभर त्या रस्त्यावरून जाताना पाटी वाचून मला बरे वाटत नसे. मग हळूहळू त्याची हकीकत कळत गेली. तो मूळचा ईस्टनचा नाही. जॉर्जियातल्या कथबर्टला जन्मला, लहान असताना कुटुंबाबरोबर इकडे आला. जगज्जेता झाल्यावर इतर जण व्हेगासला किंवा न्यूयॉर्कला गेले. हा इथेच राहिला, इथेच इमारती बांधल्या, आणि गावाने त्याला आपला मानले. बाहेरून आलेला माणूस एखाद्या गावाचा इतका होऊ शकतो, याचे मला अप्रूप वाटते, आणि ते का वाटते हे मी दादाला कधी सांगू शकलेलो नाही. चोवीस वर्षे झाली. शेजारचे ते वृद्ध गृहस्थ लॅरीबद्दल बोलताना "आमचा" म्हणतात. मी त्यांच्यासमोर तो शब्द अजून वापरलेला नाही. कोल्हापूरच्या फोनवर मात्र "आमचा लॅरी" माझ्या तोंडून सहज निघून जातो. पाडव्याच्या दिवशीही तसेच झाले, आणि दादाचे ते शेवटचे वाक्य त्यावरच आले होते.

दादाने गेल्या आठवड्यात पुन्हा फोन केला. मी सांगितलेली एक लढत त्याने पाहिली होती: मे १९८५, रीनो, होम्स विरुद्ध कार्ल विल्यम्स, पूर्ण पंधरा फेऱ्या. तिन्ही पंचांनी होम्सला विजय दिला. दादाचे म्हणणे, विल्यम्स जिंकला होता. त्याचे डावे जॅब मोजले तर होम्सकडे काही उरत नाही. मी तावातावाने सांगितले, की पंच रिंगच्या कडेला बसलेले होते आणि तू दिवाणखान्यात बसलेला आहेस.

तीच लढत मी काही वर्षांपूर्वी कागद-पेन्सिल घेऊन पाहिली होती, प्रत्येक फेरीनंतर आवाज बंद करून, समालोचकाचे मत कानावर पडू नये म्हणून. तो कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यावर आठ फेऱ्या विल्यम्सच्या नावावर आहेत आणि सात होम्सच्या. दादाला हे फोनवर सांगणे मला जमले नाही. हा लेख त्याच्यापर्यंत पोहोचला की त्याला कळेल.