औंधची टेकडी आणि साऊथ केन्सिंग्टन

"सगळं मोबाईलवर टाकलंत तर संग्रहालयात कुत्रं तरी फिरकेल का?" घरच्या ग्रुपवर दादाने हे लिहून आठवडा झाला, तरी डोक्यातून जात नाही. मी एवढंच म्हटलं होतं की सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या भवानी संग्रहालयातली चित्रं मराठी वर्णनासकट ऑनलाइन बघता आली पाहिजेत. त्यावर साताऱ्याहून दुसरा टोला आला, "लंडनवाल्यांचे लाड."

लाड कसले? औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली टेकडीवर संग्रहालय उभारलं. राजा रविवर्म्याची सैरंध्री तिथे आहे, हेन्री मूरचं मायलेकराचं शिल्पही. आईने ती सैरंध्री पाहिली शाळेच्या सहलीत. आता तिच्या गुडघ्यांना आमच्या घराचा जिना पुरतो. आबाकाकांची दृष्टी गेलेली. मोबाईल बोलतो, त्यावर ते पेपर ऐकतात. फोटो आला की मोबाईल म्हणतो, "इमेज." संपलं. काय आहे त्या फोटोत, हे कुणीतरी मराठीत लिहून ठेवायला काय लागतं?

आणि गर्दीचं म्हणाल तर ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच' ७१७ अब्ज पिक्सेलमध्ये इंटरनेटवर ठेवलंय. तरी हाफ-टर्मला, म्हणजे इथल्या शाळांच्या सत्रामधल्या सुट्टीत, मुलांना घेऊन गेलो तर चित्रापुढे माना उंचावून उभं राहावं लागलं. हे दादाला ठासून लिहिलं. ऑक्टोबर २०२३मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि नवं वर्ष उजाडेपर्यंत ऑनलाइन कॅटलॉगच बंद होता, हे मात्र लिहिलं नाही.

मग दादाने नेमकं विचारलं, "वाघनखं तुमच्याकडे होती तेव्हा किती वेळा गेलास बघायला?"

एकदाही नाही. नऊ वर्षं लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन स्टेशनला गाडी बदलतोय. वाघनखं होती ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम तिथून पाच मिनिटांवर. (ती महाराजांचीच का, यावर म्युझियमने हात राखूनच लिहिलंय; तो वाद आज नको.) जुलै २०२४मध्ये ती साताऱ्यात आली, दादा पावसात रांगेला उभा राहिला, आणि मी इथून मेसेज टाकला: फोटो पाठव.

फोटो काचेच्या चकाकीने वाया गेला. म्हणून त्याने व्हॉइस नोट पाठवली. दोन मिनिटांची. "इवलीशी दिसतात रे. आपल्याला वाटतं तेवढी नाहीत. लोखंड काळं पडलंय. मागची बाई पोराला उचलून दाखवतेय, थांब..." लंडनच्या मेट्रोत, डिस्ट्रिक्ट लाइनमध्ये बसून ती मी चार वेळा ऐकली.