“तू जाऊन ये ना पटकन” म्हणणाऱ्यांनो

जर्मनीत लेकीच्या पोराला ताप आला की यापुढे कुणी मला “अगं साधा ताप, आणि तिकडे काय, सगळ्या सोयी असतात” असं ऐकवलं ना, तर समोरचा चहाचा कप उचलून आत नेऊन ठेवीन. कोथरूडमध्ये बसून जर्मनीतल्या सोयी सांगायला काय जातंय!

रात्री तीनला फोन वाजतो. तिकडे साडेदहा. लेक कुजबुजत बोलते, कारण पोराचा आत्ता कुठे खांद्यावर डोळा लागतोय. “आई, 39.4.” मी चष्मा शोधत स्वयंपाकघरात. कालनिर्णयच्या मागे पेनने लिहून ठेवलंय, 39 म्हणजे 102.2, 40 म्हणजे 104. पोटात गोळा येतो. ओवा भाजून पुरचुंडी कर, मेतकूट-भात मऊ कालव, हे तोंडाने सांगते खरी, पण फोनमधून पुरचुंडी छातीवर ठेवता येते का?

सोयी आहेत हो! आजारी मुलासाठी आई-बाप दोघांना वर्षाला प्रत्येकी 15 दिवस रजा, बुडालेल्या हातातल्या पगाराच्या साधारण 90 टक्के पैसेही मिळतात. चांगलंच आहे, आपल्याकडे कोण देतंय? पण पाळणाघरात जाणारं तीन वर्षांचं पोर एका हिवाळ्यात किती वेळा आजारी पडतं ते मोजा आणि मग बोला. सकाळी अकराला पाळणाघराचा फोन : ताप आहे, घेऊन जा. ताप उतरून पूर्ण दिवस गेल्याशिवाय परत घेत नाहीत. परत घेतलं की आठवड्यात नाक वाहायला लागतंच. मार्च उजाडायच्या आत हिच्या 15 पैकी 11 रजा संपल्या.

नव्या गावात बालरोगतज्ज्ञ शोधायला गेली तर दोन दवाखान्यांनी “नवीन पेशंट घेत नाही” म्हणून फोन ठेवला. रात्रीचा नंबर 116117. त्यावर पाऊण तास नुसतं संगीत, शेवटी उत्तर काय, तर व्हायरल वाटतंय, पाणी पाजत राहा. बरोबरही असेल. आमच्या गल्लीतले डॉक्टर शिंक आली तरी अँटिबायोटिक लिहितात, त्याचं मला कौतुक नाही. पण ते संध्याकाळी पोराच्या पोटाला हात लावून बघतात तरी!

जावई दौऱ्यावर. हिला दहा मिनिटं अंघोळीला जायचंय आणि पोराला धरायला माणूस नाही. मी एवढंच म्हणतेय. तर या सोयी सांगणाऱ्यांचं उत्तर, “तू जाऊन ये ना.” जाऊन ये! लक्ष्मी रोडला जायचंय का? व्हिसाची तारीख तीन आठवड्यांनंतरची. बोटांचे ठसे, बँकेचे कागद, 30,000 युरोचा विमा. पुण्याहून थेट विमान नाही, म्हणजे आधी टॅक्सीने मुंबई. तोवर हा ताप जाऊन पुढचा येतोय.

काल सकाळी पोराचा ताप उतरला. 36.8. मी देवापुढे साखर ठेवली. दुपारी लेकीचा मेसेज : “आता मला 38.9.” तो वाचत दारात उभी होते, तेवढ्यात शेजारच्या काकू जिन्यातून, “बरा झाला ना नातू? मी म्हटलं नव्हतं, साधा ताप असतो!”