मानेच्या वरची मी

फाउंडेशन विकणाऱ्या मुलींना आपला चेहरा दिसतच नाही. त्यांना दिसतो तो आपला व्हायला हवा होता तो चेहरा. मी काउंटरशी उभी राहिले की त्यांचा हात आपसूक फिकट बाटल्यांकडे जातो. ‘मॅम, तुम्हाला आयव्हरी मस्त जाईल.’ आमच्या सात पिढ्यांत त्या रंगाचं एकच काहीतरी होऊन गेलं, आजोबांच्या पेटीच्या पट्ट्या.

मी मुकाट्याने दुसऱ्या टोकाला बोट दाखवते. तिथे हनी, आल्मंड, कॅरॅमल, मोका अशी खाऊगल्ली सुरू होते. माझ्या शेडचा टेस्टर असतो, बाटली नसते. ‘ही फार खपते ना, लगेच संपते. हिच्या अलीकडची देऊ? कळत नाही हो कुणाला.’ फार खपते तर जास्त का मागवत नाहीत, हे विचारायचं नसतं.

2017 साली रिहानाच्या फेंटी ब्यूटीने एकदम 40 शेड्स बाजारात आणल्या. आपल्याकडच्या प्रसिद्ध गोरेपणाच्या क्रीमनेही 2020 मध्ये नावातलं ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातलं. काउंटरपर्यंत तो निरोप पोचायचाय.

बरं, रंग जुळला तरी अंडरटोन, म्हणजे त्वचेखालची झाक, उरतेच. मनगटाच्या शिरा निळ्या दिसल्या तर कूल, हिरव्या दिसल्या तर वॉर्म म्हणे. माझ्या शिरा दुकानात निळ्या असतात आणि लिफ्टमध्ये हिरव्या. आईला दाखवल्या तर ती म्हणाली, ‘हिमोग्लोबिन तपासून घे आधी.’

शिवाय शेड मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला लावून बघायची, तीही दिवसाच्या उजेडात. म्हणून गालाखाली तीन पट्टे ओढून मी लक्ष्मी रस्त्यावर भर दुपारी छोट्या आरशात बघत उभी. एका रिक्षावाल्याने रिक्षा हळू केली. ‘ताई, लागलंय का कुठे?’ त्यातला एक पट्टा अगदी जुळला होता. तासाभरात तो ऑक्सिडाइझ होऊन चांगलाच काळवंडला.

शेवटी मामेबहिणीच्या लग्नाला ती ‘अलीकडची’च लावून गेले. तिच्यात उजेड परतवणारं टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर, त्यात फोटोग्राफरचा फ्लॅश. फोटोत मानेपर्यंत मी आहे, वर कोणीतरी पांढरीफटक बाई.

मावशीने तो फोटो मोबाइलवर मोठा करकरून पाहिला. ‘अगं, काय उजळलीयेस! काय लावलंस?’ मावशी माझ्याहून चांगलीच सावळी. तिने शेडचा नंबर लिहून घेतला, आणि याहून फिकट मिळते का, तेही विचारलं.