पहिला ट्रॅक्टर घेताय? आधी बागेची ओळ मोजा

दिवाळीपासून एकच प्रश्न मला दहा ठिकाणी विचारला गेलाय. गावात, माहेरी, मुलीच्या शाळेत पालकसभेला गेले तिथेसुद्धा. "ताई, छोटा ट्रॅक्टर घ्यायचाय, कोणत्या कंपनीचा घेऊ?" प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहिते. लांबेल, पण सात-आठ वर्षं हप्ते फेडायची वस्तू आहे, दहा मिनिटं वाचायला हरकत नाही.

दिंडोरी तालुक्यात आमची साडेचार एकर जमीन, त्यातली तीन एकर द्राक्षबाग. हे नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कामाला, त्यामुळे बाग मी आणि नाना, म्हणजे माझे सासरे, बघतो. आमच्या घरात याआधी कधीच ट्रॅक्टर नव्हता. नानांनी आयुष्यभर बैलं वापरली, नंतर भाड्याचा ट्रॅक्टर. भाड्याने काम भागतं, हे आम्हीही वर्षानुवर्षं म्हणायचो. ते २०२४ च्या फळछाटणीपर्यंत खरं होतं. बाग दोडा अवस्थेत, म्हणजे फुलोऱ्याच्या आधी, असताना रात्री पाऊस झाला. सकाळी डाऊनीची, म्हणजे बुरशीच्या रोगाची, फवारणी हवी होती, पण ज्याचा ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागचं फवारणी यंत्र, आम्ही लावायचो त्याच्याकडे आमच्याआधी सहा बागा. त्याचा दोष नाही, त्याने तरी काय करावं? तो तिसऱ्या दिवशी आला, तोवर घडांवर पांढरी बुरशी दिसायला लागली होती. अर्ध्या एकरातला माल आमच्या डोळ्यांदेखत गेला. नाना बागेत जाऊन नुसते उभे राहिले, काही बोलले नाहीत. त्याच रात्री ट्रॅक्टर घ्यायचा ठरलं.

मग पुढचं जवळजवळ वर्षभर मी शोरूम पालथ्या घातल्या. मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट आधी सांगते. सहा ठिकाणी गेले. सगळीकडे पहिला प्रश्न "बजेट किती?" आणि दुसरा "किती एचपी बघताय?" माझ्या बागेत दोन ओळींत अंतर किती आहे हे एकानेही विचारलं नाही. दोन ठिकाणी तर प्रश्न माझ्याकडे न बघता माझ्यासोबत आलेल्या भावाला विचारले. चालवणार मी, कर्ज माझ्या नावावर, आणि माहिती भावाला.

माझं मत स्पष्ट आहे. छोट्या ट्रॅक्टरमध्ये कंपनी ही शेवटी ठरवायची गोष्ट आहे. आधी तुमची ओळ, मग तुमचं सगळ्यात जड अवजार, मग मिस्त्री किती लांब आहे ते. हे तीन ठरले की यादीत आपोआप दोनच नावं उरतात.

ओळ मोजा म्हणजे नुसतं लागवडीचं अंतर सांगू नका. आमची बाग ९ बाय ५ फुटांवर आहे. कागदावर ९ फूट, पण वेली चढवायच्या वाय आकाराच्या लोखंडी अँगलचे दोन्ही हात आत आलेले, त्यावर काड्यांचा पसारा, खाली ड्रिपच्या नळ्या आणि बोद, म्हणजे वेलींच्या बुडाचा मातीचा उंचवटा. मी पानं ऐन भरात असताना टेप घेऊन बागेत गेले तेव्हा मोकळी वाट मिळाली सव्वापाच फूट, काही ठिकाणी त्याहून कमी. आणि रुंदीइतकीच उंची महत्त्वाची. सायलेन्सर बॉनेटवर उभा असेल तर तो काड्या मोडतो आणि गरम धुराने पानं करपतात. सीटवर बसल्यावर आपलं डोकं तारेला लागतं का, हेही बघावं लागतं. बागेसाठी म्हणून जी मॉडेल निघतात ती या सगळ्यासाठी अरुंद आणि बुटकी केलेली असतात.

तिसरं माप म्हणजे ओळीचं टोक. बांध आणि ताणाची तार (मांडव ताणून धरणारी टोकाची तार) यांच्यामध्ये आमच्याकडे जेमतेम १२ फूट आहेत. त्यात ट्रॅक्टर एका दमात वळला पाहिजे, तोही मागे ब्लोअर असताना. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की डेमो शोरूमच्या अंगणात घेऊ नका. तिथे सगळेच ट्रॅक्टर छान वळतात. डेमो स्वतःच्या बागेत, स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या ब्लोअरला जोडून, टाकी पूर्ण भरून आणि रान ओलं असताना घ्या. एक विक्रेता म्हणाला, "मॅडम, टाकी रिकामी ठेवून बघू, अंदाज येतो." नाही येत! फवारणी काय रिकाम्या टाकीने करायची? दुसऱ्या एकाचा ट्रॅक्टर भरलेल्या टाकीसह आमच्या काळ्या रानात चढाच्या बाजूला जागच्या जागी चाकं फिरवत राहिला. तो दोनचाकी ड्राइव्हचा होता. पावसानंतर लगेच फवारणी हे ज्याचं काम आहे त्याने फोर व्हील ड्राइव्हमध्ये पैसे वाचवू नयेत. कोरडवाहू सोयाबीन-गहू असेल तर वेगळा विचार करा.

आता एचपीबद्दल. जाहिरातीत लिहिलेली एचपी इंजिनाची असते. ब्लोअर आणि रोटाव्हेटर चालतो पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे अवजार फिरवणाऱ्या शाफ्टवर, आणि तिथे पोचणारी ताकद नेहमीच कमी असते. २४ एचपीच्या दोन ट्रॅक्टरांत पीटीओला फरक असू शकतो. हे विक्रेत्याच्या तोंडून ऐकू नका. मध्य प्रदेशात बुदनी इथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिथल्या चाचणी अहवालात पीटीओची ताकद, ओढण्याची ताकद, लिफ्ट (मागचं अवजार उचलायची ताकद), डिझेलचा खप, सगळं मोजून लिहिलेलं असतं. मॉडेलचं नाव सांगून तो अहवाल मागा. मी मागितला तेव्हा एका शोरूममध्ये मुलाला तो काय असतो हेच ठाऊक नव्हतं, तिथून मी उठले.

लिफ्टचंही तसंच. या गटातल्या बऱ्याच ट्रॅक्टरांची उचल ७५० किलोच्या आसपास सांगतात. वाटतं खूप आहे. पण ४०० लिटरचा माउंटेड, म्हणजे लिफ्टवरच टांगलेला, ब्लोअर धरा: ४०० किलो पाणी आणि वर मशीनचं वजन, तेही चाकाच्या बरंच मागे लोंबकळणारं. चढावर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हाताला लागत नाही. पुढे वजनं लावावी लागतात, ती किमतीत आहेत की वेगळी, ते आधीच विचारा. ६०० लिटरचा ओढायचा ब्लोअर घेतला तर लिफ्टवरचा भार जातो, पण वळायला जागा जास्त लागते. आमच्या १२ फुटांत तो बसत नव्हता.

आता कंपन्या. आमच्या भागात बागेसाठी जी नावं ऐकू येतात ती साधारण अशी: महिंद्राचा जीवो आणि २०२३ मध्ये आलेला ओजा, स्वराजचा टार्गेट ६३० (हाही २०२३ चाच), कुबोटाचा निओस्टार, जॉन डिअरचा ३०२८, शिवाय सोनालिका, व्हीएसटी शक्ती, आणि राजकोटचा कॅप्टन. पारावर बसून लाल, निळा, हिरवा, नारंगी या कंपन्यांच्या रंगांवरून आपली माणसं जी भांडतात, त्यांना एक सांगावंसं वाटतं. स्वराज २००७ पासून महिंद्राच्याच घरात आहे. आयशर आणि आपल्याकडचा मॅसी, दोन्ही टाफे या एकाच कंपनीचे. फार्मट्रॅक, पॉवरट्रॅक आणि कुबोटा आता एस्कॉर्ट्स कुबोटा या एकाच कंपनीत. रंगावरून भावकी तोडण्यात अर्थ नाही.

माझी निवड शेवटी दोनांवर आली, कुबोटाचा बी २४४१ आणि जीवो २४५. दोन्ही २४ एचपी, दोन्ही फोर व्हील. कुबोटाचं इंजिन तीन सिलिंडरचं. चालवून बघितला तेव्हा आवाज आणि थरथर इतकी कमी की उतरावंसं वाटेना. मनातून मला तोच हवा होता, हे लपवत नाही. जीवो दोन सिलिंडरचा, त्याचा ठोका अंगाला जाणवतो. तरी मी जीवो घेतला. कारण जीवोचं काम जाणणारा मिस्त्री आमच्यापासून ६ किलोमीटरवर आहे, आणि कुबोटाचं सर्व्हिस सेंटर माझ्या गावापासून ३८. पुढच्या तालुक्यात हेच गणित उलटं असेल, तिथल्या बाईने डोळे झाकून कुबोटा घ्यावा.

मिस्त्रीला मी ट्रॅक्टर ठरवण्याआधी भेटले. चहा घेऊन तासभर बसले. या मॉडेलचं काय आधी जातं, क्लचप्लेट गावात मिळते का, हायड्रॉलिकचं सील किती दिवसांनी बदलावं लागलं, असं सगळं विचारलं. नंतर त्यानेच दुरुस्त केलेल्या चार ट्रॅक्टरांच्या मालकांकडे गेले. व्हिडिओवाले पहिल्या दिवशी नव्याकोऱ्या ट्रॅक्टरवर बसून बोलतात. मला हजार तास झालेल्या ट्रॅक्टरचा मालक काय म्हणतो ते हवं होतं. माझ्या सगळ्या धावपळीत तो एक दिवस सर्वांत कामी आला. पावसानंतरच्या फवारणीच्या सकाळी ट्रॅक्टर चालूच झाला नाही तर तीन सिलिंडर घेऊन मी काय करू?

बायांसाठी दोन ओळी. क्लच दाबून बघा, एकदा नाही, वीस वेळा. फवारणीत दिवसभर तेच करायचं असतं. सीट पुढे सरकते का, ब्रेकला पाय पूर्ण पोचतो का, पीटीओ चालू-बंद करायचा दांडा बसल्या जागी हाताला येतो का. विक्रेता म्हणेल, "चालवायला माणूस ठेवालच ना." ठेवणार नाही, मी चालवणार, असं ठणकावून सांगा.

पैशांचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पाच लाख मूळ किमतीवर तो सरळ ३५ हजारांचा फरक आहे. तरी एका विक्रेत्याने मला ऑक्टोबरात जुन्याच दराने हिशोब करून दिला होता. कोटेशनवर मूळ किंमत, कर, विमा, पासिंग वेगवेगळं लिहून घ्या, "ऑन रोड इतके" या एका आकड्यावर सही करू नका. हप्ता महिन्याचा घेऊ नका, आपला पैसा महिन्याला येत नाही. आमचा माल फेब्रुवारी-मार्चला जातो, म्हणून मी सहामाही हप्ता मागितला आणि बँकेने दिला.

अनुदान हवं असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करा आणि पूर्वसंमती हातात येईपर्यंत खरेदी करू नका. आधी बिल केलं तर अनुदान मिळत नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरात नेमकं हेच झालं. मुहूर्त चुकेल म्हणून दसऱ्याला ट्रॅक्टर आणला आणि संमती नंतर आली. पैसे गेले ते गेलेच. मुहूर्ताला फक्त पूजा करता येते, हे आमच्या नानांनाही मी समजावलं आणि त्यांनी ऐकलं. महिला शेतकऱ्याला अनुदानाचं प्रमाण जास्त आहे, म्हणून सातबारा नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असेल तर अर्जाआधी त्याचाही विचार घरात बसून करा.

आज मीटरवर २६० तास झालेत. ५० तासांची पहिली सर्व्हिस वेळेवर केली, ऑइल माझ्यासमोर बदलून घेतलं. यंदाच्या हंगामात पाऊस झाला त्या रात्री मी साडेतीनला उठले. नाना बॅटरी घेऊन ओळीच्या टोकाला उभे राहिले, वळताना ताणाची तार दिसावी म्हणून. उजाडेपर्यंत दीड एकर झालं होतं, साडेआठला बाग संपली. मग शेजारच्या काकूंच्या बागेत गेले, कारण त्यांचा भाड्याचा ब्लोअर अजून यायचा होता.

ज्यांना जीवो बागेत चालवून बघायचा आहे त्यांनी रविवारी अकरानंतर या. सकाळी फवारणी असते. येताना स्वतःच्या बागेची ओळ, अँगलची उंची आणि टोकाची जागा मोजून आणा, मग बसून बोलू. तुमच्या मापात जीवो बसत नसेल तर तसं तोंडावर सांगेन.