केळी न घालता केळ्याचा वास : 'तापीकाठचा' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नाशिकच्या ब्रूपबवर (जागेवरच बिअर बनवून विकणारा पब) लिहिलेल्या लेखाखाली 'तापीकाठचा' या नावाने एक सणसणीत प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी सारांश असा : ताई, गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा वास येतो हे तुम्ही रावेर-यावलच्या, केळीच्या पट्ट्यातल्या माणसांना सांगता? एसेन्स ओतलं असणार आणि तुम्ही भुललात. साडेतीनशे रुपये मोजून गढूळ पाणी प्यायचं, तेही न चढणारं. वातावरणाचं एवढं कौतुक केलंत, ते हायवेच्या ढाब्यावर फुकट मिळतं, 'आपला ढाबा काय वाईट शे?' आणि शेवटी, दारू आपल्या संस्कृतीत नाही, गावोगावच्या बायका बाटली आडवी करायला मतदान करताहेत आणि इथे एक बाई बिअरची जाहिरात करते, लाज वाटली पाहिजे.

भाऊ, ते शेवटचं वाक्य वाचून उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं. पण केळ्याचा मुद्दा इतका नेमका काढलात की राहवेना.

त्या बिअरमध्ये केळी नसतात आणि एसेन्सही नसतं. तो वास यीस्ट तयार करतं. हा प्रकार जर्मनीतल्या बव्हेरियाचा, नाव हेफेवायझन. निम्मा किंवा त्याहून जास्त गहू, उरलेलं बार्लीचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), थोडे हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं), पाणी आणि एक खास जातीचं यीस्ट. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, एवढं आपण शाळेत शिकतो. पण खाता खाता ते आणखी कितीतरी वासाचे पदार्थ बनवत असतं. त्यातला एक आयसोअमाइल अॅसिटेट. पिकल्या केळ्याच्या वासात मुख्य वाटा याच पदार्थाचा. रायपनिंग चेंबरचं, म्हणजे केळी पिकवायच्या खोलीचं, दार उघडल्यावर जो भपकारा अंगावर येतो त्यात हाच असतो. म्हणजे मला ग्लासात आलेला वास केळ्यासारखा नव्हता, केळ्याचाच होता. फक्त तो घडला होता टाकीत.

तुमचा संशय अगदीच हवेतला नाही, हेही सांगते. हाच पदार्थ कारखान्यात बनवून केळ्याचं एसेन्स म्हणून मिठाईवाल्यांना विकला जातो. मग ओळखायचं कसं? लवंगेवरून. हेफेवायझनचं यीस्ट केळ्याबरोबर लवंगेच्या वासाचाही एक पदार्थ तयार करतं, आणि चांगल्या ग्लासात हे दोन्ही वास एकमेकांत गुंतलेले असतात. एसेन्स ओतलं तर नुसतं केळं येईल, गोड गोळीसारखं. नाशिकला काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या दिसत होत्या. बिअर बनवणारा पोरगा मोकळा उभा होता, म्हणून त्यालाच जाऊन विचारलं. तो म्हणाला, सगळा खेळ तापमानाचा. आंबवताना टाकी उबदार ठेवली की केळं वर येतं, गार ठेवली की लवंग. ते 20 अंशांच्या आसपास ठेवतात. केळी पिकवताना चेंबरचा काटा दोन अंश इकडेतिकडे सरकला तर मालाचं काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

गढूळ म्हणालात, ती गढूळच असते. गव्हातली प्रथिनं आणि न गाळलेलं यीस्ट तरंगत असल्यामुळे ती तशी दिसते. बाटलीतली बिअर स्वच्छ असते कारण ती गाळलेली असते, आणि बहुतेक वेळा 60 अंशांच्या आसपास तापवून पाश्चराइझ केलेली. तिला महिनोन्महिने टिकायचं असतं. आता जरा विचार करा, मे महिन्यात भुसावळला पारा 45 च्या वरही जातो, आणि ही खोकी ट्रकमध्ये, मग गोदामात, मग दुकानाच्या मागच्या खोलीत पडलेली असतात. उष्णतेने बिअर लवकर म्हातारी होते, तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. आपल्याला ती कळत नाही, कारण आपण 'एकदम चिल्ड' मागतो, आणि बर्फागत गार बिअर जिभेला काही समजायच्या आत घशाखाली जाते. ब्रूपबची बिअर टाकीतून नळाला आणि नळातून ग्लासात. तिथे ग्लास आल्यावर पाच मिनिटं हात लावू नका, मग प्या.

महाग आहे, वादच नाही. दोन ग्लासांच्या पैशात आमच्या घरी चौघांचं शेवभाजीचं जेवण होतं. जाणारच असाल तर ग्लास किती मिलीचा ते आधी विचारा. 330 आणि 500 यांतला फरक मेन्यूवर बारीक अक्षरात असतो. न चढण्याचं म्हणाल तर दुकानातल्या कडक बिअरमध्ये अल्कोहोल 8 टक्क्यांपर्यंत असतं, या गव्हाच्या बिअरमध्ये साधारण 5. चढवायची असेल तर ती तुमच्या कामाची नाही, पैसे वाया घालवू नका.

आता ढाबा. ढाबा वाईट कोण म्हणतं? पण त्या वाक्यातलं 'आपला' कुणाचा, ते जरा बघा. मी ढाब्यावर जाते ती पार्सल घ्यायला. मिस्टर उतरतात, मी गाडीत बसते, काच वर. रात्री नवानंतर तिथल्या खाटांवर एकही बाई नसते. टेबलाखाली बाटली आणि वर स्टीलचे पेले, परवाना आहे की नाही देव जाणे. राहिली परमिट रूम. तिथे 'फॅमिली' अशी पाटी असते, आत प्लायवूडचे कप्पे, कप्प्याला मळका पडदा, आणि वेटर पडद्याबाहेरूनच हात आत घालून ताटली ठेवतो. पडद्यामागे बसून जेवताना आपण काहीतरी चोरून करतोय असं वाटत राहतं, मग समोर नुसती पनीर मसाल्याची प्लेट का असेना. नाशिकला मी, मिस्टर आणि माझी नणंद असे तिघं गेलो होतो. नणंद बिअर घेत नाही. तिने लिंबू सोडा मागवला आणि भर हॉलमध्ये, खिडकीजवळच्या टेबलावर, दोन तास निवांत गप्पा मारत बसली. शेजारच्या टेबलावर निवृत्त वाटणारे तीन आजोबा, पलीकडे ऑफिसातल्या मुली. कुणी मान वळवून बघितलं नाही. बिल लवकर आणून उठवायची घाईही कुणी केली नाही. लेखात 'वातावरण' म्हटलं होतं ते याला, लाकडी टेबलं आणि पिवळ्या दिव्यांना नव्हे. हे ढाब्यावर फुकट मिळत असेल तर पत्ता कळवा, सहकुटुंब येते.

आठनंतर मात्र गाण्यांचा आवाज इतका वाढवला की नणंदेला खुणेने सांगावं लागलं, ऊठ.

आणि जिथे खरं झोडपायला हवं होतं तिथे तुम्ही गप्प राहिलात. जेवण! नाचोज, पेरी-पेरी फ्राइज, चिकन विंग्ज, पिझ्झा. मेन्यूवरचं नाव झाकलं तर हॉटेल बंगळुरूत आहे की गुरुग्रामला, ओळखता येणार नाही. बिअर दहा पावलांवर बनते आणि ताटातल्या पदार्थाला गावच नाही. ब्रूपबला जायचं ते तिथली गोष्ट दुसरीकडे मिळत नाही म्हणून; मग अर्धी गोष्ट फ्रीझरच्या पाकिटातून का यावी? आपल्या भागात कुणी असा धंदा काढायच्या विचारात असेल तर त्याने टाक्यांच्या आधी स्वयंपाकघराचा विचार करावा, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

कारण आपलं जेवण बिअरबरोबर जमतं, फक्त जोडी बघून लावावी लागते. हॉप्सचा कडवटपणा तिखट आणखी भडकवतो. काळ्या मसाल्याच्या मटणावर किंवा तर्रीदार शेवभाजीवर आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची कडू बिअर, घेतली की कान लाल होतात. तिथे ती गव्हाची बरी, थोडी गोडसर, बुडबुड्यांनी तेलाचा थर कापणारी. हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी होते तेव्हा कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याला जो धूर लागतो, त्याच्या शेजारी भाजलेल्या माल्टची काळी बिअर, स्टाउट किंवा पोर्टर, शोभेल असं मला वाटतं. जळगावच्या भरीताच्या वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन आहे, केळ्यालाही आहे, आणि पबवाले आपल्याला मेक्सिकोचे नाचोज खिलवतात. पाटोडीचा रस्सा, कळण्याची भाकरी, ठेचा, तळलेले बिबडे हे सगळं चखण्याच्या पानावर सहज बसेल. पुरणाचे मांडे मात्र या भानगडीत ओढू नका. रब्बीच्या दादर ज्वारीचंही डोक्यात आहे. आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यान् पिढ्या बनते, मग तापीकाठच्या काळ्या मातीतल्या दादरची एखादी टाकी लावून बघायला कुणाची हरकत असावी? ज्वारीच्या माल्टमध्ये पिठाची साखर करण्याचा जोर बार्लीपेक्षा कमी असतो, त्यामुळे निम्मी बार्ली घालावी लागेल बहुधा. असो, माझं स्वप्नरंजन पुरे.

राहिली लाज. दारू आपल्या संस्कृतीत नाही, हे धडगाव-अक्कलकुव्याकडच्या कुणासमोर म्हणू नका. सातपुड्यात पावरा आणि भिल्ल घरांत मोहाची दारू देवाला वाहतात, मग पाहुण्याला देतात. त्यांचा खान्देश आपल्या खान्देशातून वगळायचा असेल तर तसं स्पष्ट लिहा. बाटली आडवी करण्याच्या मतदानाबद्दल मात्र माझं-तुमचं भांडण नाही. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच दुकान बंद होतं. जी आली नाही तिचं मत दुकानाच्या बाजूने पडल्यासारखंच, त्यामुळे ते जिंकणं सोपं नाही. ज्या घरात मजुरीचे पैसे दारातून आत येत नाहीत त्या घरातल्या बाईच्या जागी मी असते तर शिक्का आडव्यावरच मारला असता. त्या मतदानाला माझा पाठिंबा आहे, आणि नाशिकला जाऊन एक ग्लास प्यायलाही मला चालतं. तुम्हाला या दोन्ही गोष्टी एका बाईत मावत नाहीत असं वाटतं, त्याला माझा इलाज नाही. मी कुणाला प्यायला सांगत नाही. 21 च्या आतल्यांनी तर बिअरच्या वाटेला जाऊच नये, कायदाही तेच म्हणतो.

एक गोष्ट मूळ लेखात लिहिली नव्हती, ती इथे लिहिते, म्हणजे जाहिरातीचा आरोप होणार असेल तर तो निदान रेल्वेच्या जाहिरातीचा होईल. आम्ही गाडी नेलीच नव्हती. गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात 100 मिलीला 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा होतो, आणि एवढ्याला फार प्यावं लागत नाही. जळगाव आणि भुसावळहून नाशिक रोडला थेट गाड्या आहेत, चाळीसगावकरांना तर त्या वाटेवरच. धुळेकरांनी एसटी धरावी. नाशिक रोड स्टेशन शहरापासून लांब आहे, तिथून रिक्षाचा भाव आधी ठरवा. मुक्काम करा, शनिवार टाळा, संध्याकाळी पाचला जा आणि आठच्या आत उठा. 2 ऑक्टोबरला जाऊ नका, त्या दिवशी दारूविक्री बंद असते.